चाकणचं नेट, खडकीचे मनोरे आणि खालचं पॅटीस

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण गेले दोन महिने भेटेल त्याला मी तुकड्यातुकड्यात हेच सांगतोय. बायको म्हणाली, एकदाचं लिहून टाका आणि आम्हाला सोडा.

तर आमच्या घरचं वायफाय रोज संध्याकाळी जायचं. सकाळी झकास, दुपारी झकास. सात वाजले की चकरी फिरायला लागायची. माझी बातमी पाठवायची वेळही सातचीच. मुलगी बारावीला, सीईटीचे सराव पेपर तिला संध्याकाळीच द्यायचे असतात. पेपर अर्ध्यात लटकला की तो पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागतो. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा पोरगी रडली नाही, चिडलीही नाही. लॅपटॉप मिटला आणि मैत्रिणीकडे निघून गेली. ते मला जास्त लागलं.

मग मी आपल्या परीने सगळं केलं. कंपनीला फोन केले. त्यांचा मुलगा तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा सकाळी अकराला. "सर, लाइन ओके आहे." त्या वेळी लाइन खरंच ओके होती! राऊटर बंद करून चालू केला, मग बदलला, मग माझ्या पैशाने १८०० रुपयांचा नवा आणला. तरी सात वाजले की तेच. रागाच्या भरात कंपनीच्या नावाने एक सणसणीत पोस्ट लिहून ठेवली होती. टाकली नाही, हे नशीब. म्हणून कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे कळेलच, चोर सोडून मी संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो.

या भानगडीतून मला बाहेर काढलं ते आमच्या ओळखीच्या एका काकांनी. वय ऐंशीच्या घरात. आयुष्यभर बिनतारी यंत्रांवर काम केलेला माणूस, दिघीच्या जुन्या केंद्रावर. त्यांना वायफायमधलं काही कळत नाही, असं तेच म्हणाले. पण एक प्रश्न त्यांनी विचारला, जो दोन महिन्यांत मला कंपनीने विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

"जातं कधी?"

म्हटलं, संध्याकाळी.

"संध्याकाळी म्हणजे काय? वेळ लिहा. सुरू कधी होतं, संपतं कधी, रविवारी होतं का, पावसात होतं का. आठ दिवस वही ठेवा. यंत्र सगळ्यात शेवटी उघडायचं, आधी घड्याळ बघायचं."

वही ठेवली. ती भरेपर्यंत काकांच्या दिघीबद्दल वाचत बसलो आणि मग माझं वायफाय बाजूलाच राहिलं. आपल्या या पट्ट्यात बिनतारीचा केवढा मोठा इतिहास पडून आहे आणि आपण त्यावरून रोज दुचाकी घेऊन जातो, याचा पत्ताच नव्हता मला. वीस वर्षं इथे पत्रकारिता करून!

१९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली. तोवर विलायतेला तार जायची ती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलीतून. बीम म्हणजे लघुलहरींचा झोत, चारी दिशांना न उधळता एका दिशेने रोखलेला. मार्कोनीच्या कंपनीचं हे तंत्र. हिंदुस्थानातून झोत सोडणारं केंद्र कुठे, तर खडकीला. दापोडीच्या पुलापलीकडे. आणि विलायतेहून येणारा झोत पकडणारं केंद्र कुठे? दौंडला.

आता कुणीही विचारील की पाठवणारं यंत्र खडकीत आणि ऐकणारं सत्तरएक किलोमीटरवर दौंडात कशाला? एकाच आवारात ठेवलं असतं तर पैसे वाचले असते. यात सगळ्या बिनतारी विद्येचं मर्म आहे. हजारो मैलांवरून आलेला संदेश इतका क्षीण असतो की शेजारी आपलंच यंत्र गरजत असेल तर काहीही ऐकू येणार नाही. ताशाच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलून बघा. ज्यांनी ही केंद्रं उभारली त्यांना पक्कं ठाऊक होतं की ऐकण्यात पहिला अडथळा आणतो तो शेजार, आणि सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे आपण स्वतः.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं सरकारच्या समुद्रपार दळणवळण सेवेकडे आलं, १९८६ मध्ये त्याचं विदेश संचार निगम झालं. आळंदी रस्त्यावर दिघीला त्यांचं प्रक्षेपण केंद्र होतं, शेकडो एकर जागेवर. याच निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं, आधी चार महानगरांत. तेव्हा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आजच्या पोरांना हा आकडा सांगितला तर त्यांना वाटतं आपण दशांश चिन्ह चुकवलं. २००२ मध्ये निगमची निर्गुंतवणूक झाली आणि दिघीच्या जास्तीच्या जमिनीचं काय करायचं हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं फायलीतून फिरत राहिला. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे, आणि ती पोस्ट मी लिहिणार आहे.

खडकी-दौंडचे झोत चालू होते त्याच काळात अमेरिकेत एका टेलिफोन कंपनीला आमच्यासारखीच तक्रार येत होती. अटलांटिकपलीकडे बिनतारी फोन करताना खरखर येते. बेल लॅबोरेटरीने कार्ल जान्स्की नावाच्या पंचविशीतल्या इंजिनियरला कामाला लावलं, खरखर कुठून येते ते शोध. त्याने न्यू जर्सीत शेताएवढ्या जागेत एक लांबलचक अँटेना उभी केली आणि ती चहूकडे वळावी म्हणून फोर्ड मोटारीच्या चाकांवर चढवली. महिनोनमहिने नोंदी ठेवल्या. जवळच्या विजा ओळखल्या, लांबच्या विजा ओळखल्या. उरली एक बारीक, अखंड फुसफुस. ती रोज यायची, पण दररोज चार मिनिटं लवकर.

ही चार मिनिटं महत्त्वाची आहेत. सूर्याशी संबंध असता तर फुसफुस बरोबर चोवीस तासांनी परत आली असती. ती यायची २३ तास ५६ मिनिटांनी, आणि हा ताऱ्यांचा दिवस आहे. म्हणजे खरखर पृथ्वीवरची नव्हती, सूर्याचीही नव्हती. ती आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येत होती! १९३३ मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्र नावाची विद्या जन्माला आली. एका फोन कंपनीच्या तक्रारनिवारणातून. काकांनी विचारलेलाच प्रश्न: जातं कधी?

आपल्याकडे मात्र त्याच १९३३ मध्ये वेगळं काम चालू होतं. बिनतारीचा कायदा झाला, इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरला. हवेतला आवाज कोण काढतोय हे शोधण्याची विद्या इथे तक्रारी मिटवायला वापरली गेली, तशीच माणसं पकडायलाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या. सरकारने त्यांच्या लहरीवर मुद्दाम गोंगाट सोडला आणि दिशा शोधणारी यंत्रं गाडीत घालून मुंबईत फिरवली. ही मंडळी जागा बदलत राहिली. शेवटी १२ नोव्हेंबरला गिरगावात पकडली गेली, त्यात आतल्या माणसाची फितुरीही होती. उषाताईंनी शिक्षा भोगली ती येरवड्याला. म्हणजे दिघीहून तासाभराच्या चालीवर.

साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागायचा, दरवर्षी शिक्का मारून. १९८० च्या दशकाच्या मध्यात ते बंद झालं. आमच्या घरी आजोबांची ती परवान्याची पुस्तिका अजून आहे. लहानपणी मला वाटायचं ते रेडिओचं रेशनकार्ड आहे, आणि एका अर्थी होतंच. हवा सरकारची, आपल्याला त्यातला वाटा मोजून.

मग आपलं हे वायफाय बिनपरवान्याचं कसं?

इथे पॅटीस येतं. धीर धरा.

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी बनवलेल्या नळीवर काम करताना रेथियन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरला कळलं की या लहरींनी खाणं गरम होतं. त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन आला. आता हा ओव्हन म्हणजे पेटीत कोंडलेलं एक जबरदस्त प्रक्षेपण यंत्रच, थोड्या लहरी फटीतून निसटणारच. म्हणून १९४७ मध्ये देशादेशांनी बसून काही पट्ट्या उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी बाजूला काढल्या. इथे काय गोंगाट करायचा तो करा, दळणवळणवाल्यांनी इथे शांततेची अपेक्षा ठेवू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी ही त्यातलीच. गावाबाहेरची उकिरड्याची जागा म्हणा ना.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की या टाकाऊ पट्ट्यांत कमी ताकदीची बिनतारी यंत्रं परवान्याशिवाय चालू द्यावीत. झाली तर झाली सोय. त्या उकिरड्यावर पुढे सगळं शहर वसलं. १९९७ मध्ये पहिलं मानक आलं, १९९९ मध्ये वायफाय हे नाव. आपल्या सरकारने २००५ मध्ये २.४ ची पट्टी परवानामुक्त केली आणि त्या नियमात स्पष्ट लिहून ठेवलं: तुम्ही कुणाला अडथळा आणायचा नाही, दुसऱ्याने आणला तर तुम्हाला संरक्षण मिळणार नाही, आणि पट्टी सगळ्यांनी वाटून वापरायची. म्हणजे आजोबांचा परवाना गेला आणि त्याच्याबरोबर तक्रारीचा हक्कही गेला. पोलीस ठाण्यात जाऊन "साहेब, शेजाऱ्याच्या राऊटरने माझी रेंज खाल्ली" असं सांगता येत नाही. सांगून बघा, हवालदार चहा पाजून परत पाठवतील.

वायफायला घराच्या चार भिंतींत चालतं करण्यात मोठा वाटा पुन्हा आकाश ऐकणाऱ्यांचाच. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतले जॉन ओ'सुलिव्हन हे १९७० च्या दशकात स्फोट होणाऱ्या इवल्याशा कृष्णविवरांच्या लहरी शोधत होते. त्या सापडल्या नाहीत. पण आलेल्या संकेतातला फापटपसारा गणिताने निवडून काढायची युक्ती हाताशी राहिली. खोलीत सोडलेली लहर भिंतीवर, कपाटावर, छतावर आपटून येते आणि एकाच शब्दाचे दहा प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. ते निस्तरायला पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जे तंत्र बांधलं त्याचं पेटंट १९९० च्या दशकात झालं आणि संस्थेला त्यातून ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त मिळाले. वायफाय एकट्याने कुणी शोधलेलं नाही, पण हा धागा मला आवडतो. कृष्णविवर शोधायला गेले आणि आपल्या पोरीचा सीईटीचा पेपर चालायला लागला.

आणि राऊटरवरचा पासवर्ड? त्याचाही इतिहास महाराष्ट्रातलाच. २००८ पर्यंत बहुतेकांचं वायफाय उघडंच असायचं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. माग काढला तर तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या वायफायवरून. त्याचा स्फोटांशी काही संबंध निघाला नाही, कुणीतरी त्याचं उघडं वायफाय वापरलं होतं. त्यानंतर माटुंग्याचं एक कॉलेज, चेंबूरची एक कंपनी, तोच प्रकार. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढली की वायफाय उघडं ठेवू नका. ओट्यावरचा माठ जसा वाटसरूला उघडा असायचा तसं काही काळ वायफाय होतं. मग माठाला कुलूप लागलं.

आता वही.

आठ दिवसांच्या नोंदी: सोमवार ७.०५ ते ८.५०. मंगळवार ६.५५ ते ९. बुधवारी तेच. गुरुवारी काहीच नाही! दिवसभर, संध्याकाळभर, नेट पाण्यासारखं. शुक्रवारपासून पुन्हा सात.

गुरुवार. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बेकरी आहे आणि ती गुरुवारी बंद असते. आम्ही पहिल्या मजल्यावर. सातच्या सुमारास पहिली पाळी संपवून, बाजारहाट उरकून घरी निघालेली माणसं तिथे थांबतात आणि पॅटीस गरम करून मागतात. ओव्हन जुना, दार सैल. आणि त्याच्या बरोबर डोक्यावर, मध्ये फक्त स्लॅब, माझा राऊटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खाली जाऊन शेठना सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग ओव्हनकडे पाहिलं. "म्हणजे दादा, माझ्या पॅटीसनं तुमचं इंटरनेट जातंय?"

"शेठ, पॅटीसनं नाही, ओव्हननं."

"मग पॅटीस गारच विकू काय?"

खात्री करायला मी वर गेलो, मुलगी खाली थांबली. तिने फोनवरून सांगायचं, "लावला", "काढला". लावला की लॅपटॉपवर वेग कोसळायचा, काढला की वर यायचा. सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच. शेठही वर येऊन बघून गेले, चांगलेच रमले, एक पॅटीस उगाच गरम करून आणलं.

हसू नका, मोठ्यांचंही असं झालंय. ऑस्ट्रेलियात पार्क्सला ६४ मीटरची रेडिओ दुर्बीण आहे. १९९८ पासून तिथे अधूनमधून एक विचित्र संकेत दिसायचा. जगभर त्यावर डोकेफोड चालली, त्याला पेरिटॉन असं नावसुद्धा दिलं. १७ वर्षांनी, २०१५ मध्ये, एमिली पेट्रॉफ या संशोधक विद्यार्थिनीने आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. संकेत जेवणाच्या सुट्टीच्या आसपास जास्त यायचे. केंद्रातला कुणीतरी मायक्रोवेव्ह बंद व्हायची वाट न बघता दार उघडायचा, त्या क्षणी निसटलेल्या लहरी दुर्बिणीला दिसायच्या. तिथेही शेवटी घड्याळानेच चोर पकडून दिला.

माझा इलाज सोपा निघाला. राऊटर पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर टाकला, ओव्हनचा आणि तिचा संबंध नाही. (ती पट्टी भिंतीला लवकर हार जाते, त्यामुळे स्वयंपाकघरात फोन अजून २.४ वरच आहे.) तुमच्याकडेही नेट जात असेल तर आधी राऊटरला लॅपटॉप तारेने जोडून बघा. तारेवरही अडखळत असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे, कंपनीला खुशाल झापा. तारेवर नीट आणि हवेवर बिघडत असेल तर दोष तुमच्या घरात किंवा शेजारी. २.४ मध्ये आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. इमारतीतले वीस राऊटर त्या तिघांत घुसलेले असतात. तळेगाव चौकात संध्याकाळी जे दिसतं तेच.

हे सगळं मी सुखवस्तू माणसाच्या पहिल्या मजल्यावर बसून लिहितोय, याची मला जाणीव आहे. कारण या वहीचा नाद लागल्यावर मी बातमीसाठी नाणेकरवाडी-खराबवाडीकडच्या एका चाळीत गेलो होतो. पत्र्याच्या अकरा खोल्या, मराठवाडा-विदर्भातली, बिहारची कुटुंबं. एक कनेक्शन, मालकाचं. भाड्यात महिना शंभर रुपये त्याचे. आणि मालकाने राऊटर ठेवलाय कुठे? चोरी होऊ नये म्हणून आपल्या खोलीत लोखंडी कपाटात, वर कुलूप. लोखंडाच्या पेटीत राऊटर, तो पत्र्याच्या खोलीत, आणि ऐकणारा फोन दुसऱ्या पत्र्याच्या खोलीत! पत्रा बिनतारी लहरीला आरपार जाऊ देत नाही, परत फेकतो. दौंड आणि खडकी बांधणाऱ्यांनी हे बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

तिथे एक दहावीतला मुलगा मालकाच्या दाराबाहेर उकिडवा बसून अभ्यासाचा व्हिडिओ बघत होता. २०२० च्या टाळेबंदीत याच जागी बसून शाळा केली, असं त्याची आई म्हणाली. पावसात छत्री धरून. त्यांना वाटायचं की आपला फोन स्वस्तातला आहे म्हणून असं होतं. बाप कंपनीत कंत्राटी, त्याने उधार काढून आठ हजारांचा दुसरा फोन आणला. तोही दाराबाहेरच चालतो. दोष कपाटाचा, दंड भरला बापाने.

मालकाशी बोललो. राऊटर आता व्हरांड्यात वासाच्या कडेला जाळीच्या पेटीत आहे, प्लॅस्टिकच्या. फरक पडला, पूर्ण नाही. टोकाच्या दोन खोल्यांत अजून काही नाही. तिथपर्यंत तार ओढून दुसरा डबा लावावा लागेल, आणि तो खर्च कुणाचा यावर अजून बोलणी चालू आहेत.

आता याच हवेवरून चाललेलं मोठं भांडण. पुणे-नाशिक रेल्वे.

चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग आखला गेला. या पट्ट्यातल्या माणसाला ही रेल्वे म्हणजे काय हे चाकणच्या कोंडीत दोन तास अडकल्याशिवाय कळणार नाही. मोजणी झाली, काही ठिकाणी जमिनी घ्यायला सुरुवातही झाली. आणि मग २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांच्याकडून कळलं की नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा येत असल्याने मार्ग बदलावा लागेल. आमच्याकडे लोक सरळ म्हणतात, "दुर्बिणीनं रेल्वे खाल्ली."

ही दुर्बीण म्हणजे खोडदची जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी, सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून १९९० च्या दशकात उभी राहिली. जागा निवडली ती डोंगरांच्या आडोशाची, गोंगाट कमी असलेली. जवळच आर्वीला १९७१-७२ मध्येच विक्रम उपग्रह भूकेंद्र आलं होतं. २०२३ मध्ये याच दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत पकडल्याचं जाहीर झालं. तो किती क्षीण असेल याची कल्पना करा. तिथल्या लोकांना विजेच्या खांबावरचा एक तडकलेला इन्सुलेटर किंवा सैल झालेला जोड पुरतो, ठिणगी उडाली की काम बिघडलं. ते गाडीत अँटेना घालून गावोगाव फिरतात, दोषी खांब शोधतात आणि तो दुरुस्त करून घेतात. विजेवर धावणाऱ्या रेल्वेच्या माथ्यावरच्या तारेशी अशाच ठिणग्या उडतात, आणि ती गाडी दिवसातून कितीदा जाणार. म्हणजे शास्त्रज्ञांची तक्रार खोटी नाही. माझ्या डोक्यात ओव्हन आणि राऊटर आहेत म्हणून मला ती पटकन कळली इतकंच.

पण एक प्रश्न मी विचारणारच. दुर्बीण काही रात्रीतून उगवलेली नाही. तीस तबकड्या, एकेक चार-पाच मजली इमारतीहून मोठी, तीनेक दशकं तिथे उभ्या आहेत. जुन्नर-आंबेगावमध्ये उद्योगांवर, मोबाइल टॉवरवर तिच्यामुळे बंधनं आहेत हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मग नकाशावर रेघ ओढणाऱ्याने कुणाला विचारलं होतं? खडकीच्या इंजिनियरांना १९२७ मध्ये जे कळत होतं, की बोलणारा आणि ऐकणारा शेजारी ठेवू नयेत, ते इतक्या वर्षांनी मोजणी होऊन गेल्यावर आठवतं? ज्यांच्या जमिनीवर खुणा ठोकल्या गेल्या, ज्यांनी मुलीचं लग्न त्या मोबदल्याच्या भरवशावर ठरवलं, त्यांना उत्तर कोण देणार? राग दुर्बिणीवर काढणं म्हणजे माझं कंपनीवर चिडणं. वळसा किती, बोगद्याने किती आवाज अडेल, खर्च किती, हा हिशेब लोकांसमोर मांडा. आम्हाला गणित येतं.

आमच्या घरचं म्हणाल तर आता सात वाजता बातमी जाते, पेपर पुरा होतो. बेकरीवाल्या शेठनी ओव्हनचं दार दुरुस्त करून घेतलं, मी न सांगता. दिघीच्या, आर्वीच्या केंद्रात नोकरी केलेलं कुणी तुमच्या घरात, नात्यात असेल तर मला कळवा, मला त्यांच्याशी बोलायचंय, ही माणसं आता थोडीच राहिलीत.

वही मात्र चालू ठेवलीय. तिच्यात एक नवी नोंद आहे. सलग तीन मंगळवार, पहाटे ४ वाजून १० मिनिटं, नेट दोन मिनिटांसाठी जातं. तेव्हा बेकरी बंद असते. काकांना सांगितलं तर खूश झाले. शोधतोय.